पत्र्याच्या डब्यातली गावठी धाटणीची मेणबत्ती: आधी डबा, मग वात, शेवटी मेण

गंजलेला पत्रा, मातकट रंगाचं मेण, वर तारेची कडी अशी जुनाट वळणाची मेणबत्ती घरी करायची म्हणून दसऱ्यापासून नाताळापर्यंत मला सतत फोटो आणि प्रश्न येतात. फोटोत दिसणाऱ्या चुका त्याच त्या असतात. डब्याच्या सांध्यातून मेण पाझरतं, वात तासाभरात बुडते, मेणाला मधोमध खड्डा पडतो, कडेचं मेण शेवटपर्यंत न वितळता तसंच राहतं. बहुतेकांचं मेण चांगलंच असतं. गडबड असते ती मेण वितळवण्याआधीच्या कामात आणि त्या कामाच्या क्रमात. म्हणून हा लेख मेणापेक्षा डब्यावर आणि वातीवर जास्त बोलतो.

एक नियम मी कधीच मोडत नाही. जुनाटपणा सगळा डब्याच्या बाहेर. डब्याच्या आत फक्त मेण, वात, रंग आणि सुगंधी तेल. दालचिनीची कांडी, लवंगा, कॉफीचे दाणे, वाळलेली झेंडूची फुलं यांतलं काहीही मेणात रोवायचं नाही. माझ्या नणंदेच्या घरी बल्कावात (दारापुढच्या ओसरीत) ठेवलेल्या अशाच एका डब्यात दुसऱ्या संध्याकाळी दालचिनीच्या कांडीने पेट घेतला. कांडी मेण शोषून घेते आणि स्वतःच वात होते. बघता बघता डब्याच्या तोंडाएवढी ज्वाला उठली. वर टोप पालथा घातला म्हणून विझली. त्या दिवसापासून हा नियम.

कामाचा क्रम असा: डबा निवडणं, कडा घासणं, धुणं, भोकं पाडणं, पॉलिश पेपरने घासणं, गंज चढवणं, मीठ धुऊन काढणं, गळती तपासणं, वाळवणं, वात बसवणं, मेण वितळवणं, ओतणं, खड्डा भरणं, दोन-तीन दिवस थांबणं, जाळून पाहणं. भोकं गंज चढवल्यानंतर पाडली की गंजाचे पापुद्रे उडतात. गंज मेण ओतल्यानंतर चढवायला गेलात तर खारं पाणी मेणावर आणि वातीवर उडतं. घरात वेळ कमी असेल तर काम दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी फक्त डबे, दुसऱ्या दिवशी वात आणि मेण.

१. डबा निवडा

कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा. त्याचा व्यास साधारण साडेसात सेंटीमीटर असतो, एका वातीला पुरतो आणि डबा फार खोल नसतो. मशरूम, स्वीट कॉर्न, ट्यूना यांचे डबेही चालतात. अननसाच्या चकत्यांच्या मोठ्या डब्याचा व्यास दहा सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्याला एक वात पुरत नाही, त्यामुळे तो पहिल्या खेपेला घेऊ नका.

उंच आणि अरुंद डबा टाळा. मेण जळत खाली गेलं की ज्योत विहिरीच्या तळाशी असल्यासारखी होते, तिला हवा मिळत नाही, काजळी धरते. उंची व्यासाइतकी किंवा त्याहून थोडी जास्त असावी, दुपटीच्या जवळ जाऊ नये.

डब्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर पोलादी पत्रा, त्यावर गंज चढेल. चिकटला नाही तर अॅल्युमिनियम. बिअरचे आणि शीतपेयांचे कॅन याच जातीचे. ते गंजत नाहीत, हलके असल्याने धक्क्याने कलंडतात. त्यांना या कामातून वगळा.

कुठेही चेमटलेला, तळाला फुगलेला किंवा आतून आधीच गंजलेला डबा घेऊ नका.

२. कडा घासा, मग धुवा

साध्या ओपनरने कापलेल्या डब्याच्या आतल्या कडेला बारीक दाते राहतात. रिंग ओढून उघडणाऱ्या डब्याला आतून धारदार ओठ राहतो. दोन्हींनी हात कापतो, आणि पुढे वात छाटायला बोटं याच कडेजवळून जाणार असतात. जाड हातमोजे घाला, पक्कडीने दाते आतल्या भिंतीवर सपाट दाबा, मग कानस फिरवा. शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर.

तपासा: कापसाचा बोळा कडेवरून गोल फिरवा. कुठेही धागा अडकला तर तिथे अजून दात आहे.

कागदी लेबल गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवलं की सुटतं. मागे राहिलेला चिकटपणा खोबरेल तेल चोळून काढा, आणि मग ते तेलही साबणाने काढा. तेलाचा हात राहिला तर त्या जागी गंज धरत नाही, पांढरे चट्टे राहतात. मासळीच्या डब्याचा वास एका धुण्यात जात नाही. गरम पाणी आणि सोडा यांत रात्रभर ठेवा.

आतून पांढरा किंवा सोनेरी लेप असेल तर तो खरवडू नका. तोच डब्याला आतून गंजण्यापासून वाचवतो.

३. कडीसाठी भोकं

तारेची कडी लावायची असेल तर भोकं आत्ताच पाडायची. वरच्या कडेपासून एक सेंटीमीटर खाली, समोरासमोर दोन. मेणाची पातळी या भोकांच्या बरीच खाली राहणार आहे, हे लक्षात ठेवून.

रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा आत दबतो. डब्यात ओली वाळू ठासून भरा, डबा जाड कापडावर आडवा ठेवा, मग खिळा आणि हातोडी. पाणी गोठवून पाडण्याची पद्धतही लोक वापरतात, पण बर्फ फुगून तळ बाहेर येतो आणि डबा पुढे डुलतो. मला वाळूच बरी वाटते. आतल्या बाजूला आलेले भोकांचे काठ कानशीने सपाट करा.

डब्याच्या अंगावर नक्षीची भोकं पाडायची हौस असेल तर तो डबा वेगळा ठेवा. त्यात वितळलेलं मेण ओतता येत नाही. तो टी-लाइटवर (वाटीतल्या छोट्या मेणबत्तीवर) पालथा घालण्यासाठी किंवा आत टी-लाइट ठेवण्यासाठी.

कडीला बांधकामाची बारीक तार उत्तम. ती गंजते आणि डब्याशी जुळते. मात्र कडी फक्त विझलेला आणि थंड झालेला डबा उचलण्यासाठी आहे. जळता डबा कडीने उचलायचा नाही, टांगायचाही नाही. तार तापते, आणि डबा तिरका झाला की वितळलेलं मेण हातावर येतं.

४. पत्रा घासा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग विचारतात, "गंज का धरत नाही?" खाण्याच्या डब्याचा पत्रा पोलादी असतो, त्यावर कथलाचा पातळ थर असतो. तो थर गंज होऊ नये म्हणूनच दिलेला असतो. बाहेरून रंगीत छपाई किंवा पारदर्शक लेप असेल तर तो आणखी एक अडसर. दोन्ही काढल्याशिवाय पुढचं पाणी कितीही फवारा, डबा चकचकीतच राहतो.

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, १२० ने संपवा. डब्याच्या अंगावरच्या वळ्या, तळाजवळची पट्टी आणि उभा सांधा या जागा सुटतात. कागदाची घडी करून वळ्यांमध्ये घाला. उभ्या सांध्यावर मात्र हलक्या हाताने. तिथे पत्रा पातळ झाला तर गळती तिथूनच सुरू होते.

तपासा: डबा उन्हात धरा. आरशासारखी चमक जिथे दिसते तिथे कथिल अजून आहे. सगळा डबा मंद करडा दिसायला हवा.

घासताना नाकावर कापड बांधा, आणि हे काम परसात करा, स्वयंपाकघरात नको.

५. गंज चढवा

साहित्य: हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के २०० मिली, पांढरं व्हिनेगर २५ मिली, अर्धा चमचा मीठ. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी घालून ते निम्मं करा. माडाचं व्हिनेगरही काम करतं, पण ते स्वयंपाकासाठी राहू द्या. स्वस्त पांढरं व्हिनेगर याला पुरेसं आहे.

थांबा: हे उघड्यावर करायचं. हातमोजे आणि चष्मा हवेत, कारण हे मिश्रण डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतं. लागेल तेवढंच करा. उरलेलं भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या, झाकण लावून बाटलीत साठवू नका. त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते. त्यात किंवा त्याच्या आसपास ब्लीच कधीही नको. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

डब्याचं तोंड आतून कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा आणि डबा पालथा ठेवा. आधी नुसतं व्हिनेगर फवारून पंधरा मिनिटं थांबा, मग उन्हात कोरडा करा. आता मिश्रण फवारा. फेस येतो आणि काही मिनिटांतच नारिंगी रंग दिसू लागतो. वाळू द्या, पुन्हा फवारा. असे तीन-चार हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. ओल्यावर ओलं फवारलं की गंज ओघळून तळाशी साठतो.

पावसाळ्यात गोव्यात हे काम न केलेलं बरं. हवा इतकी दमट असते की हात वाळतच नाहीत, आणि गंज हवा तिथे थांबत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात एका सकाळीत सहा डबे होतात.

६. मीठ धुवा, गळती तपासा

मनासारखा रंग आला की डबा भरपूर साध्या पाण्याने धुवा. माझे पहिले डझनभर डबे मी न धुता तसेच वाळवले होते. गंजाचा रंग धुपेल अशी भीती वाटली. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत त्यांतल्या चार डब्यांचा तळ सांध्यापाशी जाळीदार झाला. तळाच्या गोल पट्टीत मीठ अडकून राहतं, ते दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा खात राहतं. म्हणून ती पट्टी जुन्या टूथब्रशने घासून धुवा. वरचा सैल गंज जातो, पक्का राहतो, आणि हवा असतो तो पक्काच.

मग डबा काठोकाठ, कडीची भोकं असतील तर त्यांच्या खालपर्यंत, पाण्याने भरून वर्तमानपत्राच्या कोऱ्या भागावर तासभर ठेवा. कागदावर ओलं कडं उमटलं तर तो डबा मेणाचा नाही. त्यात पेन ठेवा, रोप लावा. एम-सील लावून गळती बुजवण्याचा मोह टाळा. डबा तापला की ते सुटू शकतं आणि वितळलेलं मेण टेबलावर येतं.

याच वेळी आणखी एक माप घ्या. डब्याच्या कडेपासून दोन सेंटीमीटर खाली खूण करा, तिथपर्यंत पाणी भरा आणि ते मोजा. मेण किती लागेल, हे यावरून ठरणार आहे.

आता डबा पालथा घालून पूर्ण वाळवा. कडक उन्हात दोन तास, ऊन नसेल तर रात्रभर पंख्याखाली. आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी गरम मेण तडतडतं आणि पुढे वात चरचरते.

गंज हाताला लागू नये म्हणून बाहेरून पारदर्शक मॅट वॉर्निश द्यायचं असेल तर ते आत्ता, एक पातळ हात, तोही वरची तीन सेंटीमीटर पट्टी सोडून. ओलं वॉर्निश चटकन पेट घेतं, त्यामुळे पुढचं काम चोवीस तासांनी. मी स्वतः वॉर्निश देत नाही. डब्याखाली मातीची थाळी किंवा लादीचा तुकडा ठेवते. त्याने जमिनीवर गंजाचा डाग पडत नाही, आणि पत्र्याचा तळ तापतो त्याचाही बंदोबस्त होतो.

७. वात: सगळ्यात जास्त चुका इथे

समईची वात, फुलवात, सुतळी, भरतकामाचा दोरा यांतलं काहीही चालत नाही. समईची वात पातळ तेल ओढण्यासाठी सैल वळलेली असते. मेणात ती एकतर बुडून विझते, नाहीतर भसकन मोठी पेटते आणि काजळी सोडते. मेणबत्तीची वात सुती, वेणीसारखी विणलेली असते. ती जळताना टोकाशी किंचित वाकते आणि वाकलेलं टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जातं. म्हणून ती स्वतःची लांबी बऱ्यापैकी आवरते.

वातीची जाडी डब्याच्या व्यासावरून ठरते, उंचीवरून नाही. वातीचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे दुसऱ्याचा नंबर ऐकून विकत घेऊ नका. पाकिटावर किती व्यासासाठी आहे ते बघा आणि आपल्या मापाच्या आजूबाजूच्या तीन जाड्या थोड्या थोड्या घ्या. कोणती बरोबर, हे शेवटच्या टप्प्यात जाळून कळेल. दहा सेंटीमीटरच्या डब्याला दोन वाती लागतात. प्रत्येक वात भिंतीपासून अडीच सेंटीमीटरवर, दोघींमध्ये पाच सेंटीमीटर अंतर, आणि प्रत्येक वात पाच-सहा सेंटीमीटर व्यासासाठीची.

कोरी वात असेल तर आधी मेण पाजा. वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, काढून सरळ ताणा आणि कागदावर आडवी वाळवा. वाकडी वाळली तर वाकडीच जळते.

वातीच्या तळाला पत्र्याची छोटी चकती लागते. मधोमध नळीसारखा गळा असलेली चकती घ्या. मेण संपत आलं की ज्योत त्या गळ्यापाशी येऊन विझते, डब्याच्या तळाला टेकत नाही. डब्याच्या तळावर गोल वळ्या असतात, चकती त्यांच्यावर तिरकी बसते. बरोबर मधल्या सपाट भागात ठेवा. साध्या ग्लू गनचा गोंद गरम मेणात सैल पडतो आणि चकती तरंगते. त्यापेक्षा वितळलेल्या मेणाचे चार-पाच थेंब टाकून चकती दाबून धरा, घट्ट होऊ द्या.

वात वरून मधोमध धरायला बाजारातून काही आणायची गरज नाही. माडाच्या चुडताचे (झावळीचे) दोन हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या, समान लांबीचे तोडा, जोडून ठेवा, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा. वात दोघांच्या फटीत अडकवा आणि हीर डब्याच्या तोंडावर आडवे टेकवा. कपड्याचा चिमटाही चालतो, पण हिरांमुळे वात मधून सरकत नाही.

तपासा: वरून सरळ खाली बघा. वात चकतीच्या बरोबर वर असावी. पाच मिलिमीटरने सरकली तरी एका बाजूचा पत्रा जास्त तापतो आणि दुसऱ्या बाजूचं मेण तसंच राहतं.

८. कुठलं मेण, किती

गोव्याच्या हवेत ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारं पॅराफिन मेण सर्वांत बिनत्रासाचं. सोया मेण पन्नासच्या आसपास वितळतं, एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत ठेवलं तर मऊ पडतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, सुंदर जळतं, पण महाग आहे. पॅराफिनमध्ये दहावा हिस्सा घातलं तरी रंगाला मधाची छटा येते.

खोबरेल तेल किंवा भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) मिसळू का, हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. नको. खोबरेल तेल चोवीस अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस ते पातळच. भिरंडेल चाळीसच्या आसपास. दोन्हींनी मेण मऊ होतं आणि पृष्ठभागाला घाम येतो.

वीज जाते तेव्हाच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वापरायला हरकत नाही. या धाटणीला मिसळीचा मातकट रंग शोभतोच. वितळवून पातळ सुती कापडातून गाळा. जळक्या वातीचा आणि काडीचा कण राहिला की तो नव्या वातीत अडकतो. जेल मेणबत्त्या मात्र यात मिसळू नका.

मोजलेलं पाणी जितके मिलिलिटर, त्याला ०.९ ने गुणा, तितके ग्रॅम मेण. पाणी २३० मिली भरलं असेल तर सुमारे २०७ ग्रॅम. भांड्याला चिकटणारं धरून २१५ घ्या.

सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे इथे दहा-अकरा ग्रॅम. हे मेणबत्तीसाठीचंच तेल हवं. अंगाला लावायचा परफ्यूम स्पिरिटचा असतो, पेट घेतो. स्वयंपाकाचा इसेन्स मेणात मिसळतच नाही. सिट्रोनेला (डास दूर ठेवणारं सुगंधी तेल) घातलं तर बल्कावात बसताना बरं वाटतं, पण वारा असेल तर उपयोग थोडाच, आणि मच्छरदाणीची जागा ते घेत नाही.

रंगासाठी मेणबत्तीचाच रंग. कुंकू, रांगोळी, मेणखडू, खाण्याचा रंग, काही नको. भुकटीचे कण वातीची तोंडं बुजवतात. तपकिरी रंगाची चिमूट पुरते.

९. वितळवा

मोठ्या टोपात पाच सेंटीमीटर पाणी, त्यात तळाला घडी घातलेलं कापड, त्यावर चोच असलेलं लहान भांडं, त्यात मेणाचे तुकडे. मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही. पाण्यात ठेवलं की मेण शंभर अंशांच्या वर जात नाही. थेट आचेवर ते सुमारे दोनशेच्या पुढे गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि त्याआधी मेण उकळून सावध करत नाही.

थांबा: सुरू करण्याआधी टोपाला बसणारं झाकण आणि खाण्याच्या सोड्याचा डबा हाताशी ठेवा. मेण पेटलं तर गॅस बंद, वर झाकण. पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि पेटतं मेण घरभर उडतं. मेण वितळत असताना दाराची बेल वाजली तरी आधी गॅस बंद करायचा, मग दार.

थर्मामीटर घ्या, स्वयंपाकाचा चालतो. मेण पूर्ण वितळून ८० अंशांवर आलं की आधी रंग, मग गॅस बंद करून सुगंधी तेल. दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळा. फेटू नका, हवेचे बुडबुडे शिरतात. भांडं बाहेर काढल्यावर त्याचा तळ पुसा. नाहीतर ओतताना तळाचं पाणी डब्यात ठिबकतं, आणि हे अनेकदा होतं.

१०. ओता

७० अंशांवर ओता. हाताशी थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेला मेणाची अगदी पातळ साय धरू लागते तो क्षण ओळखा. तेव्हा मेण साठीच्या आसपास उतरलेलं असतं. त्याच्या थोडं आधी ओतायचं आहे.

सातवा-आठवा हिस्सा मेण भांड्यात राखून ठेवा. बाकीचं डब्याच्या भिंतीवरून सावकाश, खुणेपर्यंत. वात हलली तर लगेच सरळ करा, पाच मिनिटांनी नाही.

मेणाला आडव्या पायऱ्या दिसाव्यात, असं अनेकांना हवं असतं. पत्र्याच्या डब्यात बाजूने काही दिसत नाही, त्यामुळे तो खटाटोप वाया जातो. खडबडीत माथा हवा असेल तर तो पुढच्या टप्प्यात.

पंखा बंद ठेवा, फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. पत्रा लवकर थंड होतो, त्यामुळे मेण भिंतीपासून आधीच सुटतं आणि मधोमध पोकळी राहते. दोन डब्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा, म्हणजे सगळे सारखे निवतात.

११. खड्डा भरा

पॅराफिन घट्ट होताना आकसतं. वातीभोवती खड्डा पडतोच, ती चूक नाही. चूक ही की लोक वरचा खड्डा तेवढा भरतात आणि आतली पोकळी तशीच राहते. पुढे ज्योत तिथे पोहोचली की मेण एकदम खाली जातं.

पाऊण ते एक तासाने वर जाड साय धरली, पण आत मऊ आहे, अशा वेळी हिराने वातीभोवती तीन-चार भोकं खोलवर पाडा. पुन्हा सगळं थंड होऊ द्या. राखलेलं मेण ७५ अंशांपर्यंत तापवून भोकांत आणि खड्ड्यात ओता, पहिल्या पातळीपर्यंतच. त्याहून वर गेलं तर ते भिंत आणि जुनं मेण यांच्या फटीत उतरतं.

खडबडीत माथा हवा असेल तर शेवटचं चमचाभर मेण काट्याने घोटा. ते लोण्यासारखं पांढरट होऊ लागलं की वर थापा. वातीभोवती एक सेंटीमीटर जागा मोकळी सोडा.

भांडी गरम असतानाच कागदाने पुसा. मेणाचं पाणी सिंकमध्ये ओतू नका. ते नळीत गोठतं.

१२. थांबा, मग जाळून बघा

पॅराफिन दोन-तीन दिवस, सोया आठ ते पंधरा दिवस मुरू द्या. मग वात ५ ते ६ मिलिमीटरवर छाटा. एकाच मापाच्या डब्यांतला एक डबा फक्त परीक्षेसाठी ठेवा. तो कोणाला भेट द्यायचा नाही.

वाऱ्याच्या झोतात नाही, पडद्याजवळ नाही, लादीवर ठेवून पेटवा. साडेसात सेंटीमीटरच्या डब्यात तीन तासांच्या सुमारास वितळलेलं मेण भिंतीपर्यंत पोहोचायला हवं. पहिल्याच खेपेला अर्ध्या तासात विझवली तर मेणात त्या मापाचा खड्डा पडतो आणि पुढे ज्योत त्याच खड्ड्यात उतरत जाते. चार तासांच्या वर सलग जाळू नका.

काय बघायचं: चार तासांनी कडेचं मेण घट्टच असेल तर वात बारीक पडली, पुढची जाडी घ्या. तास-दीड तासातच भिंत गाठली, वितळलेलं मेण दीड सेंटीमीटरपेक्षा खोल झालं, ज्योत तीन सेंटीमीटरच्या वर नाचते, काजळी येते, तर वात जाड आहे. पत्रा काचेपेक्षा पटकन तापतो, त्यामुळे काचेच्या भांड्यासाठी ठरवलेली वात इथे अनेकदा एक पायरी जाड ठरते. वातीच्या टोकाला काळी गाठ धरत असेल तर आधी सुगंधी तेल कमी करून बघा, मगच वात बदला. दोन्ही एकदम बदललं तर काय चुकलं होतं ते कळत नाही. वहीत तारीख, डब्याचा व्यास, वातीचा नंबर आणि तेलाचं प्रमाण लिहून ठेवा.

बाहेर सुतळी किंवा कापडाची पट्टी बांधून डबा भेट देत असाल तर सोबत चिठ्ठी ठेवा: पेटवण्याआधी सोडून टाका.

तळाशी एक सेंटीमीटर मेण उरलं की मेणबत्ती संपली, असं समजा. त्याच्या खाली जाळलं तर तळाचा पत्रा भाजतो. उरलेलं मेण काढायला डबा गरम पाण्याच्या टोपात उभा करा, सैल झालेली चकती आणि मेण उचला, आत कागद फिरवा. डबा पुन्हा वापरायचा असेल तर पाण्याची तासाभराची परीक्षा पुन्हा घ्या, आणि तळावर खिळ्याचं टोक हलकेच दाबून बघा. टोक रुतलं तर तो डबा भंगारवाल्याला द्या.